कोऱ्या शिंगांचा पोळा

आमच्या गुरुजींचं एक म्हणणं होतं, की सुट्टीच्या आदल्या दिवशी पोरांचं डोकं शाळेत नसतं, हात तेवढे असतात. त्यामुळे कुठलाही सण उद्यावर आला, की ते पाट्या पिशव्यांत घालायला लावत आणि चित्र रंगवायला देत. नागपंचमीला नाग, पोळ्याला बैल, दिवाळीच्या सुट्टीला आकाशकंदील. चित्र ते स्वतः काढत, एकदाच, अगदी सावकाश, आणि मग खाली कार्बन घालून गिरवत बसत. कागद म्हणजे वापरलेले, एका बाजूनं कोरे असलेले. आपल्या वाट्याला आलेला बैल उन्हात धरला, की त्याच्या पोटात मागच्या बाजूची बेरीज-वजाबाकी दिसायची. गुरुजी कोल्हारकडचे, प्रवरेच्या काठचे. पाण्याच्या मुलखातला माणूस आमच्या तिसगावाकडच्या कोरड्या रानात येऊन पडला होता, पण कधी कुरकुर नाही. आता माझी नात शाळेतून छापलेलं चित्र आणते, खडूंची पेटी उघडून बसते आणि मला बजावते, आजी, रेषेच्या बाहेर जायचं नाही हं, बाई रागावतात. आम्हाला रेषेची भीती नव्हती. रंग मिळेल का, हीच काळजी असायची.

कारण रंग घरून आणायचा. शाळेत रंग नव्हते, तिसगावच्या बाजारात असले तरी कोण घेऊन देणार? गुरुजी सांगत, ज्याच्या घरी जे असेल ते चिमूटभर आणा, सगळे मिळून वापरू. मग कुणी कागदाच्या पुडीत हळद आणी, कुणी कुंकू, कुणी भिंतीला लावायचा गेरू. विटेचा तुकडा दगडावर घासला की विटकरी रंग निघे. घेवड्याचा पाला चुरगाळून हिरवा रस काढायचा. काळ्याला तव्याची काजळी. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून त्यात हे सगळं कालवायचं, आणि काडीला कापूस गुंडाळला की झाला कुंचला. वर्गभर हळदीचा, डिंकाचा, ओल्या पाल्याचा असा काही वास सुटायचा, की भूक लागायची. निळा रंग मात्र एकाच घरचा, सुमनच्या. तिची आई धुण्याला नीळ घालायची. सुमन गावाच्या कडेच्या बौद्धवस्तीतली. वर्गात ती दाराजवळ बसे. तिथं बसायला तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, पण बसे. निळीची पुडी ती मधे ठेवून द्यायची आणि परत आपल्या जागेवर जायची.

मी चौथीत होते त्या वर्षी आमच्या घरात रंग नव्हता. माझा थोरला भाऊ, बबनदादा, उन्हाळ्यात काविळीनं गेला. मिसरूड फुटलेला, लग्नाचं बघायला नुकती सुरुवात केलेला. आधी डोळे पिवळे झाले, मग नखं, मग अंथरुणसुद्धा पिवळं दिसायला लागलं. कोण म्हणालं झाडपाल्याचं औषध द्या, कोण म्हणालं नगरला न्या. औषध आधी झालं, नगर नंतर, आणि तोवर उशीर झाला होता. याहून जास्त त्याबद्दल मी आजही बोलू शकत नाही. एवढी म्हातारी झाले, पण ओंजळीत हळद घेतली की क्षणभर थांबते.

आमची बैलजोडी त्याची होती. तशी आबांचीच, म्हणजे आमच्या वडिलांची, पण दादानं ती वासरं असल्यापासून वाढवलेली. हौशा आणि पाखऱ्या. हौशा पांढरा, अंगानं दांडगा आणि स्वभावानं भित्रा, छत्री उघडली तरी बुजायचा. पाखऱ्याच्या अंगावर तांबूस ठिपके. पहाटे दादा त्यांना वैरण टाकायचा तेव्हा काहीबाही बोलत राहायचा, शिव्याच जास्त, पण लाडाच्या. त्या आवाजानं आम्हाला जाग यायची. तो गेल्यावर पहाटे नुसती कडब्याची सळसळ ऐकू यायची. आबा वैरण टाकत, पण बोलत नसत. आई तर गोठ्याकडं फिरकेनाशीच झाली. शेण काढायला मी जायची. आई स्वयंपाक करी, भाकरी थापी, पाणी भरी, सगळं करी, पण गोठ्याच्या बाजूला तोंड करून बसतसुद्धा नसे. एकदा मी म्हटलं, आई, पाखऱ्या तुझ्याकडं बघतोय. ती म्हणाली, "बघू दे. मी काय सांगू त्याला?"

आमच्याकडं रीत अशी, की घरात माणूस गेलं की वर्षाचे सण त्या घरात करायचे नाहीत. कढई चढवायची नाही, पुरण घालायचं नाही, दारात रांगोळी नाही. पण सण त्या घरावरून कोरडा जाऊ द्यायचा नाही, हीसुद्धा रीतच. भावकीतल्यांनाही दुखवटा असतो, म्हणून भावकीबाहेरचं कुणी शेजारी त्या दिवशी ताट भरून आणून देतं. आपल्या चुलीवर करायचं नाही, पण आलेलं खायचं, नाही म्हणायचं नाही. आमच्याकडं शेजारच्या सखूकाकू आणायच्या. नागपंचमीला त्यांनी पुरणाची दिंडं आणली तेव्हा आई ताटाकडं बघत बसून राहिली. काकूंनी स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घास घातला आणि म्हणाल्या, "गीळ. मी घरी जायची न्हाई तू गिळल्याबिगर."

तर पोळा आला. आदल्या दिवशी सकाळी मी आबांना विचारलं, शाळेत रंग न्यायचाय, काय नेऊ? आबा दोरी वळत होते. मान वर न करता म्हणाले, "औंदा आपल्या घरात रंग न्हाई, इंदे. ना बैलाला, ना कागदाला." मी मोकळ्या हातानं गेले.

गुरुजींनी बैल वाटले. त्या वर्षीचा बैल फारच देखणा निघाला होता, मान जरा वळवलेली, जसं काही कुणी हाक मारलीय. सगळे कालवाकालवीला लागले आणि मी कागदावर हात ठेवून बसले. गुरुजी फिरत फिरत आले.

"का गं इंदू? बैल उपाशी ठेवलास?"

"आमच्यात औंदा रंग न्हाई, गुरुजी."

"आणला नाहीस तर दुसऱ्याचा घे की."

"तसं न्हाई. लावायचाच न्हाई."

पुढच्या रांगेतला गणपत मागं वळून म्हणाला, "त्यांच्यात दुखवटा हाय, गुरुजी. बबनदादा गेला न्हवं का."

गुरुजींना ते ठाऊक होतं. दादाच्या मातीला ते आले होते. क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला, की मलाच त्यांची दया आली. ते माझ्यासमोर खाली बसले, धोतर सावरून, आणि हळू आवाजात विचारलं, "उद्या पोळी करणार का घरी?"

"न्हाई. सखूकाकू आणून देतील."

"ती चालते?"

"चालती. आपल्या चुलीवर करायचं न्हाई. आलेलं खायचं."

गुरुजींनी त्या कोऱ्या बैलाकडं बघितलं. मग उठून उभे राहिले आणि वर्गाला म्हणाले, "इंदूच्या घरी उद्या पोळी शेजारून जाणार आहे. तर तिच्या बैलालाही रंग शेजारून जाऊ द्या. तिनं हात लावायचा नाही. ज्यानं जो रंग आणलाय त्यानं तो थोडासा लावायचा."

मग काय विचारता. माझा बैल हातोहात फिरायला लागला. एकानं गेरूनं झूल रंगवली. एकीनं कपाळावर कुंकवाचा टिळा लावला. घेवड्याचा रस आणणाऱ्यानं शेपटी हिरवीगार केली.

"अरे, शेपटी हिरवी असती व्हय?"

"लई गवत खाल्लंय त्यानं. आता भाईर यायला लागलंय."

वर्ग हसला, मीसुद्धा हसले. घरात हसायला चोरी झाली होती. तेवढ्यात गणपत हळदीची वाटी घेऊन आला आणि काडी बुडवून बैलाच्या डोळ्यावर नेली. मी एकदम दोन्ही हातांनी कागद झाकला.

"पिवळा नको."

"का नको?"

मला सांगता येईना. तो लाल झाला. "माझ्या घरचं चालत न्हाई व्हय तुमाला?"

माझी नजर उगीचच दाराकडं गेली. सुमन निळीची पुडी मुठीत घेऊन अर्धवट उठली होती, ती परत खाली बसली. पुडी तिनं पोलक्याच्या आत सरकवली. मी नऊ-दहा वर्षांची पोर, मला रीतीभाती काय समजणार. पण एवढं मला माहीत होतं, की आमच्याकडून त्यांच्या वस्तीत सणाचं ताट जायचं, तेही न शिवता वरूनच वाढायचं, आणि त्यांच्याकडून आमच्याकडं कधीच काही यायचं नाही. ती रीतच होती असं म्हणून आज मी मोकळी होऊ शकते, पण होत नाही. गणपतनं जे वाक्य रागानं म्हटलं होतं, ते सुमननं न बोलता रोज म्हटलेलं असणार.

गणपतला मी म्हटलं, "डोळ्याला नको. घुंगराला लाव. घुंगरं पिवळीच असत्यात." त्याचा राग गेला, त्यानं मन लावून एकेक घुंगरू रंगवलं. मग मी कागद घेतला आणि दाराजवळ सुमनकडं गेले. "शिंगं ऱ्हायलीत," मी म्हटलं. ती म्हणाली, "तुझं आबा काय म्हनतील?" मी म्हटलं, "मला काय ठावं. शिंगं ऱ्हायलीत." तिनं गुरुजींकडं बघितलं. गुरुजी फळा पुसत होते, कोरा फळा, उगीच पुसत होते. सुमननं पुडी सोडली आणि दोन्ही शिंगं निळी केली, बुडापासून टोकापर्यंत, रेषेच्या बाहेर जराही न जाता.

संध्याकाळी खांदमळणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात, आणि उद्या जेवायला या असं त्यांना आवतण देतात. आबा गोठ्यात नुसत्या लोण्यानं खांदे चोळत होते, हळदीशिवाय. मी दावणीला टेकून उभी राहिले. म्हटलं, "आबा, आवतन?"

"काय तोंडानं देऊ? जेवान माझ्या चुलीवर न्हाई."

मी परकराच्या ओच्यातून कागद काढला आणि पुढं धरला. आबांनी हात धोतराला पुसले आणि कागद घेतला. उजेडाकडं धरून नीट बघितला.

"सांगितलं व्हतं ना तुला?"

"मी हात न्हाई लावला. वर्गानं रंगवला. गुरुजी म्हनले, पोळी शेजारून येती तर रंग बी शेजारून येऊ द्या."

"गुरुजी म्हनले?"

"व्हय."

"आन ही शिंगं?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं, पण आबांसमोर ते जमायचं नाही. "सुमननं. किसनच्या सुमननं." आम्ही पोरं तेव्हा तिच्या बापालाही नुसतं किसन म्हणायचो, आमच्या आबांच्या बरोबरीचा माणूस. आता लिहितानासुद्धा ते नाव असं एकेरी लिहायला हात अडतो.

आबांनी कागद कुडात खोचला, हौशाच्या डोक्याच्या वर, आणि पुन्हा खांदा चोळायला लागले. रागावले की नाही ते कळेना. बाहेर आले तर आई चुलीपुढं बसलेली. तिनं विचारलंसुद्धा नाही.

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून गावात नुसती धांदल. ओढ्यावर बैल धुवायला रांग, पोरांचा आरडाओरडा, शिंगांना रंग चढतोय, गोंडे बांधताहेत, घराघरातून वेलदोडा घातलेल्या पुरणाचा वास. आमच्या घरात तुरीच्या डाळीचं वरण शिजत होतं. आबांनी बैल धुतले खरे, पण परत आणून दावणीला बांधले. दुपारी सखूकाकू ताट घेऊन आल्या, कापडाखाली पोळ्या अजून गरम होत्या. त्या आईजवळ बसल्या आणि तेवढ्यात वेशीकडून हलगी वाजायला लागली. हौशानं कान टवकारले. तो आवाज त्याला दरवर्षीचा माहीत होता. तो दाव्याला हिसडे द्यायला लागला आणि मग त्यानं असा हंबरडा फोडला, की घरातली बायामाणसं बोलायची थांबली.

आबा ओट्यावर बसले होते. ते उठले. गोठ्यात गेले, दोघांची दावी सोडली आणि बाहेर निघाले. ना झूल, ना गोंडा, ना बाशिंग. कोरी शिंगं. मी पाठोपाठ पळाले.

वेशीजवळ सगळ्या गावाचे बैल उभे होते. मानाची जोडी पुढं, मग एकेका घराण्याच्या मानाप्रमाणं बाकीच्या, आणि सगळ्यात शेवटी वस्तीतल्या. आमच्या जोडीची जागा पुढून तिसरी होती. आबांना येताना बघून भावकीतले एक चुलते पुढं आले. "आबा, काय हे? दुखवट्यात बैल भाईर काढलं?"

"बैलाला कसला दुखवटा? वरीसभर राबल्यात ती. पोरगं गेलं माझं, त्यांचा सन कशाला जायला पायजे?"

"मग रंग तरी द्यायचा. ही कोरी शिंगं बघवंनात."

"माझ्या घरात रंग न्हाई औंदा."

चुलत्यांनी हात करून पुढची जागा दाखवली. आबांनी नाही म्हणून मान हलवली. दुःखाचं घर पुढं उभं राहत नाही, म्हणाले, आणि जोडी घेऊन थेट मागं गेले, सगळ्यांच्या शेवटी. त्यांच्या पुढं किसनची जोडी होती. सुमन भिंतीवर बसली होती, मी तिच्याजवळ चढून बसले.

किसन मागं वळला. त्याच्या हातात निळ्या वार्निशचा डबा होता आणि बोटाला फडकं गुंडाळलेलं. आपल्या बैलांच्या शिंगांवर तो शेवटचा हात फिरवत होता. त्यानं आमच्या बैलांकडं बघितलं आणि मग आबांकडं. दादाचं आणि त्याचं बरं होतं. औताला दोन जोड्या लागल्या की दादा त्यालाच हाक मारायचा.

"आबा," तो म्हणाला, "जरा उरलाय. लावू का?"

आसपासचे लोक बघायला लागले. चुलते तिथंच होते. हलगी तेवढी वाजत होती. सुमननं माझं मनगट धरलं होतं, आणि आबांनी कासरे असे आवळून धरले, की मला वाटलं आता ते बैल घेऊन घरी निघतील. किसन डबा खाली ठेवायला वाकला.

"लाव," आबा म्हणाले. "हौशाला आधी लाव. त्यो बुजतो, बोलत बोलत लाव. बबन बोलायचा."

मग किसन बोलायला लागला. काय बोलत होता देव जाणे, शिव्याच असाव्यात, कारण पुढचे दोघे-तिघे हसले. त्यानं डावं शिंग निळं केलं, मग उजवं. हौशा हलला नाही. आबांनी मान फिरवली होती. पाखऱ्याचं एक शिंग होईपर्यंत किसनचा डबा संपला. तेव्हा पुढून गणपतचा बाप आला, त्याच्याकडं तांबडा होता. मग कुणी हिरवा घेऊन आलं, कुणी सोनेरी बेगड. मानाच्या जोडीवाले आले. चुलते मात्र जागचे हलले नाहीत, त्यांना दुखवटा होता. पण नंतर त्यांनीच पुढं होऊन पाखऱ्याचा कासरा धरला, म्हणजे रंग लावणाऱ्याला नीट लावता यावा. हे सगळं लिहायला जेवढा वेळ लागतोय तेवढासुद्धा वेळ लागला नसेल. बैल चालायला लागले आणि वेशीतल्या तोरणाखालून आमची जोडी सगळ्यांच्या शेवटी गेली. पाखऱ्याची शिंगं एकाला एक जुळत नव्हती.

त्यानंतर गावात सगळं बदललं वगैरे मी म्हणणार नाही. ताटं तशीच वरून वाढली जात होती, पुढं कितीतरी वर्षं. पण आबा किसनला त्या दिवसापासून किसनराव म्हणायला लागले, आणि आम्हालाही म्हणायला लावलं.

मिरवणूक संपली की बैल घरी येतात, तेव्हा घरची बाई दारात उभी राहते. बैलांच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते, पोळी भरवते. आबा दारात आले आणि थांबले. ओवाळायचं तर नव्हतंच, पण पायांवर पाणी घालायला तरी कुणी हवं. मी घागरीकडं वळले, तर सखूकाकूंनी मला दंडाला धरून थांबवलं. त्या घरात बघत होत्या.

आई उठली होती. उन्हाळ्यापासून पहिल्यांदाच ती त्या बाजूला निघाली होती, हातात तांब्या घेऊन. डोक्यावरचा पदर सरळ केला, उंबरा ओलांडला, आणि वाकून आधी पाखऱ्याच्या, मग हौशाच्या खुरांवर पाणी घातलं. काकूंच्या ताटातली पोळी मोडली, दोघांना निम्मी निम्मी भरवली. हौशानं तिचा हात मनगटापर्यंत चाटला. मग तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला, तसाच वर नेला आणि शिंग मुठीत धरलं. कितीतरी वेळ धरूनच उभी होती. सोडलं तेव्हा तळहात निळा झाला होता, आणि शिंगावर तिच्या बोटांचे पट्टे उमटले होते. तिनं तळहात बघितला, आबांकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं.

"वल्ला हाय अजून," ती म्हणाली. "कुनी हात लावू नका. वाळू द्या."

आणि तांब्या माझ्या हातात देऊन, बैलांची दावी धरून, ती त्यांना गोठ्यात घेऊन गेली.